परवान्याची सरहद्द

हत्याराच्या परवान्यावर पुष्कळ रकाने असतात. परवानेदाराचें नांव व राहण्याचें ठिकाण, हत्याराचा प्रकार, काडतुसांची संख्या, मुदत संपण्याची तारीख. हे रकाने देणारा काळजीनें भरतो व घेणाराहि काळजीनें वाचतो. परंतु यांतच एक लहानसा रकाना असा असतो कीं, त्याकडे बहुतेकांची दृष्टि जात नाहीं. हा परवाना कोणत्या मुलखापुरता चालेल, एवढेंच त्यांत लिहिलेलें असतें. कोणाच्या परवान्यावर जिल्ह्याचें नांव असतें, कोणाच्या परवान्यावर प्रांताचें, क्वचित् एखाद्याच्या परवान्यावर सबंध देशाचें. घरांत खुंटीवर टांगलेल्या बंदुकीला या रकान्याची कांहींच अडचण नसते. ती बंदूक उचलून मोटारींत ठेविली आणि मोटार चालूं लागली, म्हणजे मात्र हा रकाना जागा होतो. आणि सरहद्दीच्या दगडाशीं येतांच तो इतर सर्व रकान्यांहून मोठा होऊन बसतो.

हा रकाना आमच्या कायद्यांत कोठून आला व कां टिकला, हें पाहावयाचें असेल तर बुलढाणा जिल्ह्याइतकें सोयीचें ठिकाण मला दुसरें दिसत नाहीं. आजच्या जिल्ह्याच्या हद्दी धरल्या तर उत्तरेस सातपुडा, मध्यें पूर्णेच्या खोऱ्यांतील पयनघाटाची काळी जमीन, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगराचा घाट चढून गेलें कीं बालाघाटाचें पठार, अशी ही रचना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या मुलखाच्या पश्चिमेस खानदेश, म्हणजे मुंबई इलाखा. उत्तरेस डोंगरापलीकडे नेमाड, म्हणजे मध्यप्रांत. दक्षिणेस औरंगाबाद व परभणी, म्हणजे खुद्द निजामाचें राज्य. आणि मध्यें वऱ्हाड, ज्याचा कारभार हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटाकडे होता. चार कारभारांच्या शिवा एकमेकींस भिडलेल्या, असा हा कोपरा होता.

त्यांतहि वऱ्हाडची स्थिति मोठी चमत्कारिक होती. कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटीं १८५३ च्या तहानें निजामानें हा प्रांत इंग्रजांकडे लावून दिला. पण मालकी मात्र निजामाचीच राहिली. १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें कायमचा पट्टा लिहून घेतला आणि दुसऱ्याच वर्षीं वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलें गेलें, तेव्हांहि कागदोपत्रीं धनी बदलला नाहीं. याचा परिणाम असा कीं, कलकत्त्यास केलेला कायदा वऱ्हाडांत आपोआप चालत नसे. तो निराळ्या हुकुमानें येथें लागू करावा लागे. बुलढाण्याचा शेतकरी कोणाची प्रजा, या प्रश्नाचें उत्तर देतांना चांगल्या चांगल्या वकिलांची त्रेधा उडत असली पाहिजे. शेतकऱ्याला अर्थात् या प्रश्नाचें कांहीं सोयरसुतक नव्हतें. त्याचा संबंध तहशिलदाराशीं व ठाणेदाराशीं.

ज्या सरहद्दीनें पुढें बंदुका अडविल्या, ती सरहद्द बंदुकांनींच आंखलेली होती, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. १७२४ च्या आक्टोबर महिन्यांत साखरखेर्ड्याच्या मैदानावर निजाम-उल्-मुल्कानें मोंगल सुभेदार मुबारिझखान याचा पराभव केला. मुबारिझखान रणांत पडला आणि ज्याला आपण पुढें हैदराबादचें राज्य म्हणून ओळखूं लागलों, त्याचा खरा पाया त्या दिवशीं घातला गेला. विजयाची खूण म्हणून गांवाचें नांव फत्तेखेर्डा ठेवण्यांत आलें. लोकांनीं मात्र आपलें साखरखेर्डा सोडलें नाहीं, आणि आज त्याच नांवानें तें गांव ओळखलें जातें.

तेथून जवळच सिंदखेड. जिजाबाईंचें माहेर म्हणून तें सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. लखुजी जाधवरावांसारखा मातबर सरदार १६२९ सालीं दौलताबादेस निजामशाही दरबारांत मुलांसह मारला गेला, ही गोष्टहि शाळेंतील मुलास माहीत असते. त्या घराण्याची पुढील हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जाधवांचे वंशज बाजीराव सिंदखेडास होते. त्यांच्या पदरीं अरबांची शिबंदी होती. त्या काळीं निजामाच्या मुलखांत अरब व रोहिले यांच्या टोळ्या पोटासाठीं कोणाचीहि चाकरी धरीत, पगार थकला म्हणजे गढ्या अडवून बसत, आणि चाकरी सुटली म्हणजे वाटेवर येत. १८५१ सालीं बाजीरावांच्या अरबांनीं हैदराबाद कंटिन्जंटशीं निकराची झुंज दिली. तिचा दोष बाजीरावांवर ठेवून त्यांचें वंशपरंपरेचें वतन जप्त करण्यांत आलें, आणि १८५६ सालीं ते राजकैदी म्हणून वारले. शिवछत्रपतींच्या आजोळचा हा शेवट!

मला या प्रकरणांत घराण्याच्या दुर्दैवापेक्षां दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बाजीरावांचा वाडा हत्यारांनीं भरलेला होता, एवढ्यानें कोणी त्यांचें वतन घेतलें नसतें. त्या काळीं देशमुखाच्या वाड्यांत ढालतलवार व बंदूक नसती तरच नवल. पेशवाईंत व त्याआधीं राहदारीचीं दस्तकें लागत, तीं माल, माणसें व जनावरें यांच्यासाठीं. वाटसरूच्या कंबरेची तलवार ही अंगरख्याइतकीच त्याच्या पोषाखांत मोडे. नव्या राज्यकर्त्यांना भय होतें तें चालत्या हत्याराचें. बंदूक एका कारभाराच्या हद्दींत उडते आणि बंदूकवाला रात्रींतून दुसऱ्या कारभाराच्या हद्दींत जातो. पाठलाग करणारा अंमलदार दगडाशीं येऊन थांबतो आणि पत्र लिहीत बसतो. बुलढाण्यासारख्या चौफुलीवर हा अनुभव रोजचाच असणार. पुढें जो कायदा झाला तो एकेकट्या गृहस्थाला लागू झाला. पण तो लिहितांना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें टोळी होती.

सत्तावन्नच्या उठावानंतर १८६० सालीं हत्यारांविषयीं एक कायदा झाला व १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या अमदानींत तो प्रसिद्ध हत्यारांचा कायदा झाला. या दुसऱ्या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. हत्यार बाळगण्यास बंदी करणारें कलम चौदावें. हत्यार घेऊन हिंडण्यास बंदी करणारें कलम त्याच्याहि आधीं, तेरावें. आणि त्याच्याहि आधीं, बाराव्या कलमांत, खरें मर्म आहे. एखादा मनुष्य संशय यावा अशा रीतीनें किंवा अशा परिस्थितींत हत्यारें नेतांना आढळला, तर त्याच्याजवळ परवाना असो वा नसो, त्याला वॉरंटावांचून धरावें, आणि हें कोणींहि करावें! परवाना हा घरांतील बंदुकीचा पक्का बचाव. वाटेवरील बंदुकीचा मात्र अर्धामुर्धा. जी वस्तु माझ्या दिवाणखान्यांत निर्दोष आहे, तीच माझ्या दमणींत ठेविली कीं माझ्याविरुद्ध साक्ष देऊं लागते.

हा कायदा वऱ्हाडांतहि आला. त्याबरोबर आलेल्या नियमांत युरोपियन, अमेरिकन, आर्मेनियन व ईस्ट इंडियन म्हणविणाऱ्या लोकांना त्याच्या जाचांतून सूट होती. म्हणजे खामगांवच्या बाजारांत कापूस घ्यावयास आलेला विलायती व्यापारी जलंबास गाडी बदलतांना खांद्यावर बंदूक टाकून फलाटावर खुशाल येरझारा घालूं शके. आणि ज्याच्या शेतांतून तो कापूस आला, त्या कुणब्याला ठासणीची बंदूक शेतापर्यंत नेण्यासाठीं कागद लागे. ही सूट कायद्याच्या सर्व कलमांपेक्षां लोकांच्या मनाला अधिक झोंबली. १८८७ च्या मद्रासच्या राष्ट्रसभेपासून या कायद्याविरुद्ध ठराव होऊं लागले, ते या अपमानामुळें. रंगावर आधारलेली ती सूट जावयास १९२० साल उजाडावें लागलें.

वर ज्या रकान्याविषयीं म्हटलें, तो या काळांत घडला. त्या परवान्याचा नमुना आपल्या समाजाचें एक चित्रच आहे. परवानेदाराच्या नांवाशेजारीं त्याच्या वतीनें हत्यार वाहणाऱ्या सेवकाचें नांव घालण्यास जागा आहे. कारण बंदूक धन्याची, पण खांदा चाकराचा, हें सर्वांनीं गृहीत धरलेलें. बंदूक कशासाठीं, हेंहि लिहावें लागे: शिकार, संरक्षण किंवा मिरवणूक. मिरवणुकीसाठीं बंदूक हा प्रकार विलायती वाचकाला हास्यास्पद वाटेल. ज्यानें वऱ्हाडांतील देशमुखाच्या घरची वरात पाहिली आहे त्याला वाटणार नाहीं. आणि मग तो मुलखाचा रकाना. देऊळगांव राजाच्या माणसाला जालन्याचा बाजार उंबरठ्याशीं. मलकापुराहून भुसावळ आगगाडीनें थोड्याच वेळाच्या अंतरावर. पण एकीकडे निजामाचा अंमल, दुसरीकडे मुंबई सरकारचा. त्या बाजाराला बैल जात, सोयरीक जाई, कीर्तनकार जाई, पटकीची सांथहि जाई. बंदुकीनें मात्र शिवेवर थांबावें!

या कायद्याविरुद्धची तक्रार कोणत्या पक्षाची होती, हें पाहिलें तर आश्चर्य वाटतें. अहिंसेचे आचार्य महात्मा गांधी यांनीं १९३० सालीं सरकारपुढें ज्या अकरा मागण्या ठेविल्या, त्यांत मिठाचा कर व दारूबंदी यांच्याबरोबर आत्मसंरक्षणासाठीं हत्यारांचे परवाने, लोकांच्या नियंत्रणाखालीं, मिळावेत अशीहि एक मागणी होती. दुसऱ्या वर्षीं कराचीच्या राष्ट्रसभेनें मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यांतहि नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्क आहे. ज्याला हत्यार उचलावयाचें नाहीं, त्यालाहि आपल्या हातांत तें देण्यास राज्य भितें ही गोष्ट लांच्छनाची वाटली.

मग स्वातंत्र्य आलें, आणि बुलढाण्याच्या दक्षिण सरहद्दीवर तें रक्तानें माखून आलें. १९४७ च्या आगष्टपासून पुढील तेरा महिने निजामाचें राज्य भारताबाहेर राहूं पाहत होतें. रझाकारांच्या अत्याचारांना कंटाळून मराठवाड्यांतील लोक वऱ्हाडांत येत होते आणि निजामी सरहद्दीलगत स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या होत्या. ज्या शिवेवर शंभर वर्षें बंदुकीनें थांबावयाचें, त्या शिवेवरून आतां दोन्ही दिशांनीं बंदुका जात होत्या, आणि कोणाच्याहि खिशांत परवाना नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य निजामाच्या राज्यांत शिरलें. पांचव्या दिवशीं सर्व आटोपलें.

यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनीं, डिसेंबरच्या आरंभीं, घटनासमितींत नागरिकांच्या स्वातंत्र्यांचें कलम चर्चेला आलें. तेव्हां हत्यार बाळगण्याचा हक्क त्या कलमांत घालावा, अशी दुरुस्ती ज्यांनीं मांडली ते हरि विष्णु कामत मध्यप्रांत-वऱ्हाडचेच प्रतिनिधि होते. केवळ योगायोग म्हणून ही गोष्ट सोडून द्यावी असें मला वाटत नाहीं. कामतांचा आधार कराचीच्या ठरावाचा होता, आणि त्यांनीं मागितलेला हक्कहि सरकारी नियमांच्या अधीनच होता. डॉ. आंबेडकरांनीं तो मान्य केला नाहीं. प्रत्येकाला बाजारांत जाऊन हवें तें हत्यार घेतां येऊं लागलें तर राज्यकारभार चालावा कसा, आणि हा हक्क एकदां दिला म्हणजे चोर व गुन्हेगारहि तोच सांगूं लागले तर त्यांना काय उत्तर द्यावें, असा त्यांचा सवाल होता.

डॉ. आंबेडकरांचें म्हणणें मला पटतें. ज्या देशांत गांवकुसाच्या आंत कोणाच्या हातीं हत्यार असे व गांवकुसाबाहेर कोणाच्या हातीं नसे, याचा हिशेब त्यांच्याइतका कोणाला ठाऊक होता? हत्याराचा हक्क सर्वांना दिला तरी हत्यार विकत घेण्याचें बळ सर्वांना सारखें नसतें. खेड्यांत बंदूक प्रथम कोणाच्या माडींत गेली असती, हें सांगावयास ज्योतिषी नको. तथापि कामतांच्या दुरुस्तींत एक ग्राह्यांश होता, आणि तो वादांत हरवला. लोकांना बंदुका हव्या होत्या त्यापेक्षां साहेबाची मर्जी नको होती. हक्क नाकारला गेला यांत वावगें झालें नाहीं. पण मर्जीचें काय करावयाचें हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें थोडेंबहुत उत्तर १९५९ च्या कायद्यानें दिलें. १ आक्टोबर १९६२ पासून तो अंमलांत आला. परवाना नाकारल्यास कारणें लेखी नमूद करावीं, अर्जदारानें मागितल्यास, सार्वजनिक हिताला बाध नसेल तर, तीं त्याला कळवावींत, नाकारल्यावर वरिष्ठांकडे अपील चालावें, अशा तरतुदी त्यांत आल्या. तलवारी-भाल्यांवरील सरसकट बंधन गेलें. सरकारनें एखाद्या भागापुरतें जाहीर केलें तरच तें लागू होतें. गृहस्थाच्या घरांतील हत्याराकडे पाहण्याची राज्याची दृष्टि निवळली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वाटेवरील हत्याराकडे पाहण्याची दृष्टि मात्र फारशी निवळली नाहीं. जुन्या कायद्याचें तें बारावें कलम नव्या कायद्यांत विसावें होऊन बसलें आहे, आणि ‘परवाना असो वा नसो’ हा त्याचा प्राण कायम आहे. कोणींहि धरावें, हें मात्र बदललें. धरण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेट, पोलीस व इतर सरकारी नोकर यांना आहे; शिवाय आगगाडी, विमान, जहाज किंवा कोणतेंहि वाहन यांवर काम करणाऱ्या माणसालाहि आहे. चिखलीहून मेहकरला जाणाऱ्या एस. टी. चा कंडक्टर आपल्या हातीं हा अधिकार आहे हें जाणत असेल कीं नाहीं, कोण जाणे! तेविसाव्या कलमानें कोणतीहि गाडी थांबवून तपासण्याचा अधिकार अंमलदाराला आहे, आणि बाराव्यानें हत्यारांची वाहतूक कोणत्याहि भागांत नियंत्रित किंवा बंद करण्याचा अधिकार सरकारला आहे.

मोटारवाल्याच्या उपयोगाचें एक कलम आहे तें तिसरें. बंदूक परवानेदाराच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानें, दुसऱ्या माणसाला नेतां येते. पण ती दुरुस्तीसाठीं, परवान्याच्या नूतनीकरणासाठीं, किंवा परवानेदाराच्या स्वतःच्या वापरासाठीं असली पाहिजे. जुन्या परवान्यावरील सेवकाचा खांदा येथें पुन्हां दिसतो; त्याच्या जागीं आतां बहुधा ड्रायव्हर आहे. धनी गाडींत बसलेला आहे तोंवर ड्रायव्हर सुखरूप. धन्याला बुलढाण्यास कचेरींत सोडून ड्रायव्हर एकटा बंदूक घेऊन दुरुस्तीच्या दुकानाकडे निघाला आणि खिशांत चिठ्ठी नसली, म्हणजे त्याला काय उत्तर द्यावें हें सुचणें कठीण. दोन ओळींच्या चिठ्ठीनें ही आपत्ति टळते. पण दोन ओळी लिहावयाचा कंटाळा हा आपल्या सुशिक्षित गृहस्थांचा जुना रोग आहे.

परदेशांत हाच प्रश्न कसा सोडवितात, हें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत प्रत्येक संस्थानाचा कायदा निराळा. म्हणून १९८६ सालीं त्यांनीं असें ठरविलें कीं, जेथून निघालों व जेथें जावयाचें त्या दोन्ही ठिकाणीं बंदूक कायदेशीर असेल, तर मधल्या संस्थानांतून ती नेतां यावी. मात्र ती भरलेली नसावी, आणि ती व काडतुसें प्रवाशाच्या हाताशीं नसावींत, मागच्या पेटींत किंवा कुलुपांत असावींत. कॅनडांत पिस्तुलांसारख्या निर्बंधित हत्यारांसाठीं परवान्याखेरीज वाहतुकीची वेगळी परवानगी लागते, आणि तें हत्यार रिकामें, घोड्याला कुलूप लावलेलें, व पुन्हां न दिसणाऱ्या कुलुपबंद पेटींत ठेवावें लागतें. या कायद्यांचा मुख्य प्रश्न आहे तो, बंदूक कशी नेतां? आमच्या कायद्याचा मुख्य प्रश्न शंभरांहून अधिक वर्षें, कोण नेतो आणि कोठपर्यंत नेतो, हा राहिला. पहिला प्रश्न अपघाताच्या भीतींतून येतो, दुसरा बंडाच्या. आमच्याकडे २०१६ च्या नियमांनीं पहिल्या प्रश्नाकडेहि नीट लक्ष दिलें: सार्वजनिक जागीं पिस्तूल म्यानांत असावें, लांब बंदूक पूर्ण झांकलेली असावी. लग्नांत हवेंत बार काढणें हा २०१९ च्या दुरुस्तीनें स्वतंत्र अपराध झाला. परवान्यावरील ती ‘मिरवणूक’ आतां बरीचशी मिटली असें समजावें. तोच कायदा एका माणसाला तीनऐवजीं दोनच हत्यारें ठेवूं देतो, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच करतो.

मुलखाचा रकाना मात्र आपल्या जागीं आहे, आणि त्याला अलीकडे एक नवी सरहद्द येऊन मिळाली आहे. तिला दगड नाहीं, नाका नाहीं. बुलढाण्याहून बोथ्यावरून खामगांवास जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यांतून जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून कोणतेंहि हत्यार घेऊन अभयारण्यांत शिरतां येत नाहीं. जिल्ह्याचा परवाना, जिल्ह्यांतलाच रस्ता, दोन्ही टोकांना त्याच जिल्ह्याचीं गांवें. आणि तरीहि परवानेदारानें मोताळ्याकडून वळसा घालून जावें हें शहाणपणाचें. अभयारण्याच्या हद्दींत किंवा हद्दीपासून दहा किलोमीटरांत राहणाऱ्या परवानेदारांनीं आपली नोंद करावी लागते, आणि त्या पट्ट्यांत नवा परवाना द्यावयाचा तर वन्यजीव रक्षकाची संमति लागते. मजा अशी कीं, २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वराहून एक तरुण वाघ निघाला व विदर्भ-मराठवाड्यांतून तेराशें किलोमीटर भटकून याच ज्ञानगंगेंत येऊन राहिला. वाटेंत जुनी निजामी सरहद्दहि त्यानें ओलांडली. त्याला कोणीं कागद विचारला नाहीं.

विनोद बाजूस ठेवला तर या पट्ट्यांतील शेतकऱ्याची अडचण खरी आहे. रात्रींची जागल त्याच्या वाडवडिलांपासून चालत आलेली. माळ्यावर बसावें, गोफण फिरवावी, डबा वाजवावा. रानडुकरांचा कळप मक्यांत किंवा भुईमुगांत शिरला म्हणजे गोफणीनें काय होणार? पीकरक्षणासाठीं बंदुकीचा परवाना हा प्रकार इंग्रजांच्या वेळेपासून आहे, आणि ठराविक अटींवर डुक्कर किंवा रोही मारण्याची परवानगी वनखातें देऊं शकतें. पण परवाना एका कचेरींतून, परवानगी दुसऱ्या कचेरींतून, आणि कळप तर आज रात्रींच येणार. मला बंदुकांचें प्रेम नाहीं, आणि जंगलांतील हत्यारबंदी मी मनापासून योग्य मानतों. तरीहि दोन खात्यांनीं एका शेतकऱ्याला दोन दिशांनीं हेलपाटे घालावयास लावावें, हें जुन्या चार कारभारांच्या शिवेची आठवण करून देणारें आहे.

दक्षिणेकडील ती जुनी शीव आज कोणाला दाखवितांहि येणार नाहीं. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग सुरू झाला. मेहकराशेजारीं चढलेली मोटार सिंदखेड राजावरून जालन्याच्या हद्दींत केव्हां शिरते, तें आंत बसलेल्यास कळत नाहीं. ज्या वाटेवर बाजीराव जाधवांच्या अरबांनीं कंटिन्जंटला दिवस मोजावयास लावले, तेथें आतां सारा हिशेब मिनिटांचा. परवाना राज्यापुरता असेल तर जालन्यास जाणाऱ्या परवानेदाराला चिंता नाहीं. उत्तरेकडे मात्र सावध राहावें. जळगांव जामोदाकडून सातपुडा ओलांडून बऱ्हाणपूरच्या बाजूस उतरलें कीं मध्यप्रदेश लागतो. देशभर चालणारा परवाना नसेल तर कागदाचा अधिकार तेथें संपतो. त्याच डोंगरवाटांनीं चोरून केलेलीं गांवठी पिस्तुलें इकडे येतात. पोलीस तीं पकडतात, वर्तमानपत्रांत चार ओळी येतात. त्या पिस्तुलांना रकाने नसतात, मुदत नसते, सेवकाचें नांव नसतें. कायद्याचा सगळा भार त्यामुळें ज्यानें आपण होऊन कचेरींत नांव लिहविलें त्याच्यावरच पडतो. हा दोष कायद्याचा कीं कायदा राखणाऱ्यांचा, याविषयीं मतभेद होईल. मला तो अधिक करून दुसऱ्यांचाच वाटतो.

खेड्यांतील परवान्याच्या बंदुका आतां फारशा हिंडत नाहींत. शिकार कायद्यानें बंद झाली, वाटमारीचें भय उरलें नाहीं, आणि देशमुखांच्या वाड्यांतून मुलें पुण्यास व परदेशीं गेलीं. पुष्कळशा बंदुकांचा एकच प्रवास उरला आहे. निवडणूक जाहीर झाली म्हणजे जिल्ह्याची छाननी समिति परवानेदारांची यादी पाहते, आणि ज्यांना नोटीस येते त्यांनीं आपलें हत्यार ठाण्यांत जमा करावयाचें असतें. मग एखादे दिवशीं सकाळीं जुनी दुनळी बंदूक फडक्यांत गुंडाळून मोटारीच्या मागल्या बांकावर निजविली जाते. शेजारीं परवान्याचें पुस्तक असतें. ठाण्यांत नंबर ताडून पाहतात, पावती देतात, आणि मतमोजणी होऊन आठवडा लोटला म्हणजे त्याच पावतीवर ती परत मिळते.